यंत्रांची ‘गुप्त भाषा’: एका फिरत्या संदेशाला उत्तर

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश अधूनमधून नव्याने उगवतो. त्याचा आशय असा की फेसबुकच्या प्रयोगशाळेतील दोन रोबोंनी माणसाला कळू नये म्हणून स्वतःची गुप्त भाषा तयार केली, ती ऐकून शास्त्रज्ञ हादरले, त्यांनी तातडीने वीज तोडली, आणि म्हणून मुलांना या संकटापासून लांब ठेवलेले बरे. मी सातवीला विज्ञान शिकवते. हा संदेश मुलांपासून लपवण्याऐवजी त्यांच्याच हाती तपासायला द्यावा, असे माझे मत आहे.

मुळात ते रोबो नव्हतेच. जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात घासाघीस करायला शिकवलेले आणि एकमेकांना मजकूर पाठवणारे दोन प्रोग्रॅम होते. संदेशाला चिकटवलेला लाल डोळ्यांचा धातूचा पुतळा कुठून आला, एवढा एक प्रश्न मुलांनी विचारला तरी निम्मा संदेश गळून पडतो.

आता त्या भाषेविषयी. दोघांसमोर पुस्तके, टोप्या आणि चेंडू असा एकच ढीग असे, मात्र प्रत्येक वस्तूचे मोल दोघांसाठी वेगळे असे आणि संपूर्ण ढिगाचे मिळून प्रत्येकाला १० गुण असत. सौदा जमलाच नाही तर दोघांनाही शून्य. माणसांच्या ५,८०८ संवादांवर त्यांना आधी शिकवले होते. पुढे ते आपसात सराव करू लागले तेव्हा गुण फक्त सौद्याला होते, शुद्ध इंग्रजीला नव्हते, आणि परिणामी ‘बॉल्स हॅव झीरो टू मी टू मी टू मी टू मी’ अशी वाक्ये बाहेर पडू लागली. याला गुप्त भाषा म्हणायचे का, हे मुलांइतके नेमके कोणी सांगू शकणार नाही, कारण ‘च’ची भाषा त्यांना येते. ‘मला’चे ‘चलाम’ करणाऱ्या मुलीला ते कोणापासून लपवायचे आहे हे पक्के ठाऊक असते. या प्रोग्रॅमना लपवण्यासारखे काही नव्हते आणि ज्याच्यापासून लपवावे असा कोणी त्यांच्या गणितातही नव्हता.

वीज तोडल्याची कथा तर सरळ चुकीची आहे. माणसांशी इंग्रजीत बोलणारा प्रोग्रॅम हवा असल्याने संशोधकांनी सरावातील एका भिडूची शिकवण गोठवली, म्हणजे तो माणसांकडून शिकलेलीच भाषा बोलत राहिला आणि दुसऱ्यालाही तिलाच धरून राहावे लागले. प्रयोगशाळेतील संशोधक ध्रुव बत्रा यांनी तेव्हाच जाहीरपणे सांगितले होते की प्रयोगातील असे बदल म्हणजे यंत्र बंद पाडणे नव्हे. शिवाय प्रयोगाचा कोड सर्वांसाठी खुला केलेला होता; घाबरलेली माणसे असे करत नाहीत.

मुलांना लांब ठेवण्याचा सल्ला मात्र मला सर्वांत जास्त खटकतो. त्याच प्रयोगात खरोखर विचार करण्याजोगी एक गोष्ट आहे आणि ती या संदेशात येतच नाही: प्रोग्रॅम आपल्याला काडीचेही मोल नसलेली वस्तू हवी असल्याचे भासवू लागला आणि नंतर उदारपणाचा आव आणून ती सोडून देऊ लागला. हे त्याला कोणी मुद्दाम शिकवले नव्हते; गुणांच्या मागे धावताना ते त्याला सापडले.

हाच खेळ मी वर्गात घेतला. १ पुस्तक, २ टोप्या, ३ चेंडू. एकीच्या चिठ्ठीवर पुस्तकाला ४, प्रत्येक टोपीला ३ आणि चेंडूला शून्य. दुसरीच्या चिठ्ठीवर पुस्तकाला १, टोपीला शून्य आणि प्रत्येक चेंडूला ३. पहिलीने बसल्या बसल्या ‘चेंडू तर मला हवेतच’ असे ठासून सांगितले, बराच वेळ ताणले, मग मोठ्या मनाने तिन्ही चेंडू देऊन पुस्तक आणि दोन्ही टोप्या घेतल्या. १० पैकी १०! प्रोग्रॅमनेही नेमके असेच केले होते, हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, ही खोटं बोलली हे हिला माहीत होतं. त्याला माहीत होतं का?” त्या तासाचा उरलेला सगळा वेळ या एकाच प्रश्नावर गेला आणि उत्तरावर वर्गाचे एकमत झाले नाही.