कॉफी तोडणाऱ्याला काय मिळतं?

चिकमगळूर जिल्ह्यातल्या ज्या छोट्या बागेतून आमच्याकडे कॉफी यायची, ती बाग विकली गेली. नवरा-बायको दोघंच बघायचे, वय झालं, मुलं बेंगळुरूत. नव्या मालकांना किरकोळ गिऱ्हाईक नको आहे. तेव्हापासून मी दुसरी कॉफी शोधतेय. चवीला जवळ जाणाऱ्या पुष्कळ मिळाल्या, पण माझं घोडं चवीवर अडलेलं नाही.

त्या बागेच्या मालकीणकाकूंना काहीही विचारलं तरी सरळ उत्तर यायचं. तोडणीला माणसं कुठली, पैसे रोजावर की किलोवर, राहायची सोय काय. कॉफीची फळं एकदम पिकत नाहीत. एकाच फांदीवर लाल, पिवळी, हिरवी फळं चिकटून असतात. नुसती लाल वेचायची तर हंगामात त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यावं लागतं. फक्त किलोवर पैसे मिळाले तर माणूस सगळी फांदीच ओरबाडणार, त्यात त्याचा काय दोष? काकू रोजावर पैसे द्यायच्या आणि सावकाश वेचा म्हणायच्या. कॉफीची चव तिथून सुरू होते, हे मी त्यांच्याकडून शिकले.

सांगलीकरांना हे वेगळं समजावायला नको. तिकडचा तोडणीचा हंगाम आणि आपला उसाच्या गाळपाचा हंगाम जवळपास एकाच वेळी येतो. बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन येतात, कारखान्याच्या आसपास त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात, कडाक्याच्या थंडीत बायका डोक्यावर मोळ्या घेऊन ट्रॉलीत चढतात. कोडगू-चिकमगळूरच्या मळ्यांतही आता आसाम-झारखंडची माणसं हंगामाला येतात. ऊसदरासाठी रस्त्यावर उतरणारा आपला जिल्हा, पण तोडणाऱ्याच्या मजुरीबद्दल आपण क्वचितच बोलतो. मला हे फार लागतं. दुकानातली साखर कुठल्या टोळीने तोडलेल्या उसाची, हे मला कधीच कळणार नाही. कॉफीचं कळू शकतं. जिथे कळू शकतं तिथे तरी विचारायलाच हवं.

पाकिटावरचे शिक्के उपयोगाचे आहेत, पण कुठला शिक्का कशाबद्दल बोलतो ते बघा. सेंद्रियचा शिक्का खतं-औषधांबद्दल सांगतो, मजुरीबद्दल नाही. रेनफॉरेस्ट अलायन्सच्या बेडकाच्या शिक्क्यामागे झाडं, पाणी आणि कामगार यांचे नियम आहेत, मात्र शेतकऱ्याला किमान भावाची हमी नाही. ती फेअरट्रेडच्या शिक्क्यात असते. आणि तपासणीचा खर्च छोट्या बागेला झेपत नाही, त्यामुळे शिक्का नाही म्हणून लगेच फुली मारू नका. 'सावलीत वाढवलेली' या शब्दांवरही मी थांबत नाही. भारतातली बहुतेक कॉफी सावलीतच वाढते. सावली कसली, हे विचारा. नुसत्या सिल्व्हर ओकच्या रांगा, की फणस, पांगारा, जांभूळ अशी मिसळ?

स्वस्त कॉफी दिसली की मी हिशोब मांडते. साधारण सहा किलो फळातून एक किलो हिरवी कॉफी निघते, भाजताना तिचंही 15 ते 20 टक्के वजन घटतं. म्हणजे किलोभर पावडरीमागे सात किलोंच्या आसपास फळ कुणीतरी हाताने तोडलेलं असतं. त्यात वाळवणी, भाजणी, वाहतूक, दुकानदाराचा नफा. मग तोडणाऱ्याच्या वाट्याला काय उरलं?

सध्या मी आंध्रातल्या अराकूच्या कॉफीवर आले आहे. तिथे आदिवासी कुटुंबं आपापल्या लहान तुकड्यांत कॉफी आणि मिरी घेतात, बऱ्याचदा मालक आणि तोडणारे एकाच घरातले असतात. 2019 मध्ये तिथल्या अरेबिकाला भौगोलिक मानांकनही मिळालं. चव वेगळी आहे, आमच्या जुन्या कॉफीपेक्षा हलकी आणि किंचित आंबूस. घरात अजून कुरकुर चालू आहे. मला ती आवडू लागली आहे. पण फळाला किलोमागे काय भाव दिला, हे मी इथेही विचारलंय, आणि जो विक्रेता आकडा सांगेल त्याच्याकडूनच पुढची मागणी जाईल.

सांगली-मिरजेत कुणाला हवी असेल तर एकत्र मागवू, कुरिअरचा खर्च वाटला जाईल. दाणे हवेत की दळून, आणि दळून असेल तर फिल्टरसाठी बारीक की फ्रेंच प्रेससाठी जाडसर, तेवढं कॉमेंटमध्ये लिहा. कोडगूकडची एखादी छोटी बाग कुणाच्या ओळखीची असेल, जिथे मजुरीबद्दल मोकळेपणाने सांगतात, तर तेही कळवा.