पांढरी पाच आणि पाचवी कॉर्ड : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून सवडीने उत्तर देते. बाकीच्यांसाठी : माझा लेख गाण्याच्या कॉर्ड्स (एकत्र वाजवायचे सूर) आकड्यांत लिहिण्यावर होता, म्हणजे पट्टीचा सा एक, रे दोन असं मोजून त्या त्या सुरावरची कॉर्ड त्याच आकड्याने लिहायची. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : हे म्हणजे सोपं काम उगाच अवघड करणं. सी, जी, डी अशी नावं असताना नवी फॅशन कशाला? पट्टी बदलायला कापो (गिटारच्या दांड्यावर लावायचा चिमटा) आहे. शिवाय 'पांढरी पाच', 'काळी एक' हे पेटीच्या पट्ट्यांचे आकडे आधीच डोक्यात असतात, त्यात आणखी पाच-सहा. मायनर गाण्यात तर सगळा घोळ. आणि माझ्या लेखातली एक ओळ चूक आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे मी सपशेल चुकले आहे. मी लिहिलं होतं : १ ३ ६ ४. मनात होतं, जीच्या पट्टीत : जी, बी मेजर, ई मायनर, सी. या पद्धतीत नुसता आकडा म्हणजे मेजर आणि मायनर असेल तर पुढे आडवी रेघ. मी तीनला हा नियम लावला आणि सहाला 'सवयीने मायनरच' म्हणून सोडून दिलं. एकाच ओळीत दोन कायदे! तुम्ही लिहिल्याप्रमाणे ई मेजर वाजवलीत, तिच्यातला जी शार्प गाण्यातल्या जीवर आदळला, यात तुमचा काही दोष नाही. हवं होतं : १ ३ ६- ४. ती तिसरी मुद्दामच मेजर आहे. तिच्यातला डी शार्प पुढच्या ईकडे असा ओढ घेतो की गाणारा आपोआप तिथे जातो. तीनला रेघ दिली की ती ओढच जाते.

आता कापो. एकटी गिटार असेल तर तुमचं खरं आहे, आकड्यांची गरजच नाही. पण एका तालमीत गायिकेला पट्टी चढी हवी होती. गिटारवाल्याने तिसऱ्या फ्रेटवर कापो लावला आणि जीचेच शेप धरले. कीबोर्डवाल्याने विचारलं, "कोणती?" तो म्हणाला, "जी." त्याच्या बोटांखाली जी होती, कानावर बी फ्लॅट. कीबोर्डवर खरीखुरी जी वाजली आणि पुढे काय झालं ते सांगायला नको. मी बेसवर होते, मलाही क्षणभर कळेना कुणाचं ऐकू. तो "एक" म्हणाला असता तर आपापल्या वाद्यावर तिघांनाही एक कुठे आहे ते ठाऊक होतं. जी, डी, ई मायनर, सी काय आणि बी फ्लॅट, एफ, जी मायनर, ई फ्लॅट काय, कागदावर दोन्ही १ ५ ६- ४. सा सरकला तरी सरगम तीच राहते, तसंच हे.

पांढरी पाच आणि पाचवी कॉर्ड यांचा गोंधळ होतो, हे मान्य. माझाही झाला आहे. म्हणून मी कागदाच्या डोक्यावर पट्टी अक्षरांत लिहिते आणि खाली फक्त आकडे.

फॅशनचं म्हणाल तर ती निदान साठ वर्षं जुनी आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये जॉर्डनेअर्स या गायकगटातल्या नील मॅथ्यूज ज्युनियर यांनी आपल्या गटासाठी ती वापरात आणली आणि हार्मोनिकावादक चार्ली मकॉय यांनी तिथल्या स्टुडिओतल्या वादकांमध्ये रुजवली. ऐन रेकॉर्डिंगला पट्टी बदलली तरी कागद तोच चालायला हवा, ही त्यांची गरज. रोमन आकड्यांत कॉर्ड्स लिहिणं त्याहून जुनं आहे, पण अंधुक उजेडात रोमन चार आणि रोमन सहा ओळखायचे म्हणजे दांडा डावीकडे की उजवीकडे ते शोधत बसायचं.

मायनरवर मात्र मी तुमच्याशी अर्धीच सहमत आहे. ए मायनर, एफ, सी, जी ही चाल घ्या. काही जण ती सी मेजरच्या नात्याने लिहितात : ६- ४ १ ५. काही ए मायनरलाच घर मानतात : १- ♭६ ♭३ ♭७ (♭ म्हणजे फ्लॅट, अर्धा सूर खाली). पहिली झटकन वाचता येते, पण गाणं ज्या घरात राहतं त्यालाच 'सहा' म्हणणं कानाला पटत नाही. दुसरी कानाला खरी, पण फ्लॅटांची गर्दी. आणि त्याच गाण्यात ई मेजर आली की पहिल्या रीतीत ती ३, दुसरीत ५. मी हल्ली पहिली वापरते, निव्वळ आळसापोटी. मात्र कुठली रीत आहे ते वर लिहून ठेवते. मूळ लेखात तेही राहिलं होतं.

आणि जी गाणी दर दोन ओळींना पट्टी बदलतात, ती मी आजही मुकाट्याने सी, जी, डी अशीच लिहिते.