रंग चकाचक, सिल सडलेली

‘क्लासिक स्पोर्ट्स कार घेताना गंजाचा बाऊ करू नका’ असा एक सल्ला हौशी मंडळींत फिरतो आहे. म्हणणं असं: रंग चांगला तर गाडी चांगली, गाडीच्या पोटाला ताजं अंडरकोटिंग (गंजरोधक काळा थर) म्हणजे मालकाने जपलेली, गंज निघालाच तर पत्रा बदलता येतो, आणि फारच धास्ती वाटली तर फायबर बॉडीची घ्या. ब्रिटनमध्ये एमजीबी किंवा लोटस एलान यांसारखी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार शोधणाऱ्याने हे ऐकलं तर खिसा रिकामा झालाच म्हणून समजा.

आधी रंग. 1962 ते 1980 या काळात बनलेल्या एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. रोडस्टरला, म्हणजे उघड्या गाडीला, छताचाही आधार नाही, त्यामुळे सिलवर, म्हणजे दारांखालच्या लांब पोकळ पट्टीवर, मोठा भार येतो. ही सिल एका पत्र्याची नसते: बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मधे उभा पडदा. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ चिखलासोबत आत जाऊन बसतं आणि पत्रा आतून सडत जातो. रंगाला फोड येईपर्यंत आतला कारभार आटोपलेला असतो. म्हणून आधी दाराच्या फटी बघा. मागच्या कडेची फट खाली रुंद आणि वर चिंचोळी होत गेली असेल, तर गाडी मधून खचली आहे. मग मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक विंगच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) खालच्या भागावरून आणि सिलवरून फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

ताज्या काळ्या अंडरकोटिंगने मी तरी खूश होणार नाही, उलट सावध होईन. गंजावरच थर मारला की ओल आत कोंडते आणि सडणं चालूच राहतं. त्यापेक्षा गाडीचा एमओटीचा, म्हणजे ब्रिटनमधल्या दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, इतिहास वाचा. नंबर टाकला की 2005 पासूनच्या नोंदी ऑनलाइन फुकट दिसतात. गंजाचा शेरा वर्षानुवर्षं येत असेल आणि दुरुस्तीचं बिल नसेल, तर अर्थ उघड आहे. मात्र 2018 पासून चाळीस वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना ही तपासणी सक्तीची नाही. म्हणजे अलीकडे कुणी खाली वाकून पाहिलंच नसेल, हेही शक्य आहे. ‘अमेरिकेतून परत आणलेली’ म्हणजे गंज नसलेली, यावरही विसंबू नका. कॅलिफोर्नियाची असेल तर बरं, पण अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत रस्त्यांवर मीठ पडतंच.

पत्रा बदलता येतो, खरं आहे. पण सिलची दोन्ही टोकं पुढच्या-मागच्या विंगखाली दडलेली असतात. नीट काम करायचं तर विंगचा खालचा भाग कापावा लागतो, आणि त्याआधी दाराच्या चौकटीत आडवे आधार वेल्ड करावे लागतात, नाहीतर बॉडीचा आकारच बिघडतो. पैसा जातो तो या मजुरीत. ती वाचवायला काही जण सडलेल्या सिलवरच नवा पत्रा चढवून मोकळे होतात. 1988 पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी एमजीबीची अख्खी नवी बॉडी बनवून विकते. दुरुस्ती इतकी सोपी असती तर ती कोण घेतं?

राहिली फायबर बॉडी. एलानचं फायबर गंजत नाही, पण त्याखालची कण्यासारखी चासी पोलादीच आहे. पुढच्या सस्पेन्शनजवळची पाणी निघून जाण्याची भोकं बुजली की ती तिथून सडते. गंमत म्हणजे चासीचा पुढचा आडवा भाग हाच उघडझाप होणाऱ्या दिव्यांना वर उचलणारी व्हॅक्यूम (निर्वात) टाकी! दिवे कुरकुरत असतील तर तिथे गंजाने भोक पडलेलं असू शकतं. पुढे लोटसने बदली चासी जस्ताचा मुलामा देऊन पुरवली. तशी बसवली असेल तर बिल मागा, आणि जुनीच असेल तर नव्या चासीचा व मजुरीचा खर्च किमतीतून वजा करून मगच आकडा सांगा.