लो बीपीची गाडी

जुन्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला की दोन गोष्टी ताबडतोब करायच्या: इंजिन बंद करायचं आणि बॉनेट उघडायचं. पहिलीने इंजिन वाचतं, दुसरीने सल्लागार जमतात.

काल एकच जमला, पण तो दहांना पुरून उरला. हात मागे बांधून ते काका बराच वेळ इंजिनाकडे बघत होते. मग म्हणाले, "लो बीपी."

"ऑइल प्रेशर," मी म्हणालो.

"तेच. मलाही आहे." त्यांनी आपले वरचे-खालचे दोन्ही आकडे सांगितले, गेल्या महिन्याचेही सांगितले. "मी काय करतो, पाय वर करून पडतो. पाच मिनिटांत तरतरी. हिला उतारावर लावा. तोंड खाली."

"कशाला?"

"डोक्याकडे यायला नको का?"

हातात डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची कांडी, असलेल्या माणसाशी उताराच्या गोष्टी करू नयेत. गाडी सपाट जागेवर हवी, इंजिन बंद करून पाचेक मिनिटं झालेली हवीत. मग कांडी पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि बाहेर काढून वाचायची. उतारावर ऑइल चेंबरच्या एका टोकाला जातं आणि कांडी बिनदिक्कत खोटं बोलते. लेव्हल कमी असेल तर वळणावर किंवा ब्रेक मारताना ऑइल पंपाच्या सक्शनच्या जाळीपासून बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि दिवा लुकलुकतो. पण म्हणून वरच्या खुणेच्याही वर ओतायचं नाही. क्रँक, म्हणजे पिस्टननी फिरणारा खालचा दांडा, ते घुसळून फेस काढतो आणि फेसाने प्रेशर उलट पडतं. कांडीला पेट्रोलचा वास आला तर ऑइल पातळ झालंय. मग ते बदलायचंच, पण पेट्रोल खाली कुठून उतरतंय हेही शोधायचं.

माझी लेव्हल बरोबर होती, वास नव्हता. काका किंचित हिरमुसले.

"मग जाड ऑइल ओता," ते म्हणाले. "पंधरा-चाळीस ग्रेडचं काढा, वीस-पन्नासचं घाला. दिवा गप्प."

आता याचं दुःख असं की दिवा खरंच गप्प होतो. पंप प्रेशर बनवत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. प्रेशर होतं ते बेरिंगच्या, म्हणजे फिरत्या दांड्याला धरणाऱ्या कड्यांच्या, फटीतून निसटताना होणाऱ्या अडवणुकीमुळे. मेन आणि कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगमधली फट केसापेक्षाही बारीक, मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी असते. ती झिजून वाढली की ऑइल आरामात निसटतं. जाड ऑइल त्या रुंद फटीतही अडतं, काटा वर चढतो, विकणाऱ्याची सोय होते, आणि झीज होती तिथेच राहते. शिवाय थंडीत सकाळी तेच ऑइल वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत पोचायला वेळ लावतं. म्हणजे बीपीची उपमा अगदीच चूक नव्हती. रुंद झालेल्या रक्तवाहिन्या आणि झिजलेली बेरिंगं यांत फार फरक नाही. मी हे काकांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते अजून तिथेच असते.

मी मिस्त्रीला फोन लावला. त्याने आवाज ऐकला नाही, किती किलोमीटर झाले विचारलं नाही. "इंजिन खोलावं लागेल," म्हणाला. गाडी न बघता! डॉक्टर निदान पट्टा बांधून तरी बघतो. प्रेशर मोजायचं गेज लावायला अर्धा तास लागतो, आणि एवढा अर्धा तास वाचवण्यासाठी लोक इंजिन खोलायला निघतात.

काकांनी तेवढ्यात अंतिम तोडगा काढला. "दिवाच काढून टाका. दिसणारच नाही, मग टेन्शन कसलं?"

मी त्यांना नमस्कार केला. त्यांना तो दाद वाटली.

खरं काम असं. प्रेशर पडलं की दिवा लावणारा जो ऑइल स्विच, त्याची वायर काढायची आणि चावी फक्त ऑन करायची. दिवा तरी जळतोय म्हणजे वायर कुठेतरी सोलून बॉडीला टेकलीय. विझला तर वायर ठीक, पण स्विच खोटा की प्रेशर खोटं हे अजून कळलेलं नसतं. म्हणून स्विच काढून त्याच भोकात मेकॅनिकल गेज बसवायचं. आटे गाडीगाडीनुसार वेगळे असतात, कुठे १/८ इंची, कुठे एम१० चे. योग्य अडॅप्टर हवा, जोर करायचा नाही. गेजची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब ठेवायची, फुटली तर तिथे पेट घेईल.

वाचायचं ते ऑइल पूर्ण तापल्यावर. पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर येतो तेव्हा ऑइल अजून थंडच असतं. ढोबळ हिशेब दर हजार आरपीएमला १० पीएसआयचा (पीएसआय म्हणजे प्रेशरचं माप), पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा. गरम आयडलला, म्हणजे रेस न देता, कमी आणि रेस दिल्यावर ठीक, तर बेरिंग किंवा पंपाची झीज. रेस दिली तरी वर चढतच नाही, तर जास्तीचं प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलाय किंवा त्याची स्प्रिंग गेलीय. आधी चढून जास्त रेसला कोसळतं, तर गाळाने जाळी तुंबलीय. जुन्या इंजिनात गाळ सोडवणारा फ्लश अचानक मारला की हे होऊ शकतं. शंका वाटली तर फिल्टर कापून कागद उलगडायचा. बेरिंगचे चमकदार कण चुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे "चुंबक लावून बघितलं, काही नाही" यात समाधान मानू नये.

माझं गेज गरम आयडलला १८ पीएसआय दाखवत होतं, तीन हजारला ४५. म्हणजे इंजिन ठणठणीत. दिवा साधारण ५ पीएसआयच्या खाली लागायला हवा. स्विचच आतून गेला होता. नवा बसवला, बॉनेट लावलं.

आज सकाळी काका पुन्हा. "काय झालं हो?"

"स्विच बदलला."

"कसला?"

खोटं बोलता आलं असतं. "दिव्याचा."

"मी काय म्हणत होतो!" ते म्हणाले आणि पलीकडे कोणाचं तरी बॉनेट उघडं दिसलं म्हणून तिकडे निघाले.