साक्षीदार नंबर एक

ठाण्याच्या तलावपाळीवर आमचा एक बाक आहे. आमचा म्हणजे तसा महापालिकेचा. पण सकाळी साडेसहा ते आठ या वेळात त्यावर कोणी परका बसलाच, तर सावंत त्याच्याकडे असे काही बघतात की तो मुकाट्याने उठून चालायला लागतो. त्याचाही व्यायाम होतो. या बाकावर बरेच वाद झाले. गडकरी रंगायतनचं नूतनीकरण निघालं तेव्हा तिथल्या बटाटावड्याचं काय होणार यावरून दोन माणसं आठवडाभर बोलत नव्हती. पण सध्या जो वाद पेटलाय, त्यातला डोंगर फ्लोरिडात आहे.

तिथे ऑर्लँडोजवळ डिस्नेच्या मॅजिक किंगडम या पार्कात स्प्लॅश माउंटन नावाची राइड होती. ओंडक्यासारख्या होडीत बसायचं, पाण्यातून डुलत डोंगराच्या पोटात शिरायचं, गाणारे ससे, कोल्हे, अस्वलं बघायची आणि शेवटी साधारण पन्नास फुटांवरून धबधब्याबरोबर खाली यायचं. ती २०२३च्या जानेवारीत बंद झाली. त्याच डोंगरात, त्याच पाण्यावर, २०२४च्या जूनमध्ये सिनेमात बेडूक होणाऱ्या टियाना राजकन्येची नवी राइड सुरू झाली. ससा गेला, बेडूक आला.

याचं नौपाड्यातल्या निवृत्त माणसांना काय, असं कोणी विचारेल. त्याने एकदा आमच्या बिल्डिंगमध्ये येऊन बेल वाजवत फिरावं. निम्म्या घरांतली मुलं अमेरिकेत. त्यामुळे काशी, रामेश्वर, नायगारा आणि ऑर्लँडो असं चारधाम आता ठरलेलंच आहे.

जुन्या राइडच्या बाजूने सावंत. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. अमेरिका सोडा, पासपोर्टसुद्धा नाही. पण नातवाच्या टॅबवर त्या राइडचे व्हिडिओ बघून बघून त्यांना तिचं वळण न् वळण पाठ आहे. ही राइड टोनी बॅक्स्टर या डिझायनरला १९८३ साली कामावर जाताना, ट्रॅफिकमध्ये अडकला असताना सुचली, हे मला सावंतांनीच सांगितलं. (घोडबंदर रोडवर मी आयुष्याची किती वर्षं अडकून काढली. तिथे मला आजवर एकच गोष्ट सुचली आहे : गॅस बंद केला होता का?)

नव्या राइडच्या बाजूने बापट. इतिहासाचे शिक्षक. त्यांचं म्हणणं, तो ससा ज्या १९४६च्या सिनेमातून आला, त्यात गुलामगिरी संपल्यानंतरचं मळ्यावरचं आयुष्य असं काही गोडगोड रंगवलंय की खुद्द डिस्नेनेच तो सिनेमा कपाटात ठेवून दिलाय. मग त्याच्यावरची राइड तरी कशाला मिरवायची? टियाना ही डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या. न्यू ऑर्लिन्सची, कष्टाने हॉटेल काढणारी. “आणि सावंत, गाडी तीच, रस्ता तोच, फक्त पाटी बदलली. एसटीच्या माणसाला हे मी समजवायचं?”

“पाटी बदलली की प्रवासी चुकतात, बापट.”

सावंतांचा मुद्दा अगदीच हट्टाचा नाही, हे मी मान्य करतो. जुन्या गोष्टीत सशाला कोल्हा पकडतो. ससा गयावया करतो, ‘काहीही कर, पण मला त्या काटेरी झुडपात टाकू नकोस.’ कोल्हा नेमका तिथेच टाकतो आणि ससा निसटतो, कारण त्याचा जन्मच काट्यांतला. म्हणजे शेवटचं ते पडणं हाच सशाचा डाव. आपल्या भोपळ्यातल्या म्हातारीसारखंच. लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, लठ्ठ होते, मग मला खा. (अमेरिकेला निघताना मीही साधारण हेच बोलून निघतो. फरक इतकाच, की मी खरंच लठ्ठ होऊन येतो.) “आणि नव्यात?” सावंत विचारतात. “पार्टीसाठी वादक शोधायला निघालेत सगळे. त्यात पन्नास फुटांवरून पडायचं कारण काय?”

“त्यातली जादूगारीण मामा ओडी तुम्हाला मंत्राने बेडकाएवढं करते. पडताना तुम्ही परत मोठे होता,” बापट म्हणतात.

“पडून कोणी मोठं होतं का?”

“राजकारणात होतात.”

असं चालतं. कॅलिफोर्नियातल्या पहिल्या, १९८९च्या स्प्लॅश माउंटनमधले कितीतरी गाणारे प्राणी तिथल्याच एका बंद पडलेल्या कार्यक्रमातून उचलून आणले होते, हे सावंतांनी एकदा काटकसरीचं उदाहरण म्हणून सांगितलं. बापटांनी ते झेलून उलटं फेकलं. “म्हणजे तुमचं अस्सलही सेकंडहँड सामानावर उभं होतं!” त्या दिवशी सावंत चहा न घेता घरी गेले.

राइड बंद होताना लोकांनी तिथलं पाणी बाटल्यांत भरून विकायला काढलं होतं, ही बातमी मी हिला सांगितली. ही म्हणाली, “त्यात हसण्यासारखं काय आहे? आपल्या देवघरात १९९८चा गंगेचा गडू आहे. तो तरी कधी उघडलाय?”

आता माझ्याकडे येतो. कारण वाद कुठेही सुरू झाला तरी माझ्यापाशीच येऊन थांबतो. बाकावरच्या पाच जणांत जुनी राइड प्रत्यक्ष केलेला मी एकटा. २०१७ साली. गेल्या वर्षी पुन्हा लेकीकडे गेलो तेव्हा नवीही करून आलो. म्हणजे दोन्ही बाजूंना ज्याच्यावाचून चालत नाही असा साक्षीदार. “जोशींना विचारा ना! त्यांनी डोळ्यांनी बघितलंय.”

तिथेच सगळी गोची आहे. मी डोळे मिटले होते.

पहिल्याच छोट्या उतारावर होडी जराशी खाली गेली, पोट जागच्या जागी राहिलं, आणि मी डोळे मिटले ते बाहेरच्या उन्हातच उघडले. हाताला लागलं ते घट्ट धरलं. ते हिचं मनगट होतं. त्यावर दोन दिवस माझी चार बोटं होती. डोंगराच्या पोटात काय होतं ते मला विचाराल तर औषध घातलेल्या पाण्याचा वास होता, गार हवा होती, कुठूनतरी गाणं चाललं होतं आणि माझी रामरक्षा ‘कौसल्येयो दृशौ पातु’च्या पुढे सरकत नव्हती. दृष्टीचं रक्षण मी स्वतःच करत होतो. मग होडी चढायला लागली. वरून कोणीतरी खर्जात काहीतरी टोमणे मारत होतं. आणि मग खालची जमीनच कोणी काढून घेतली.

दुसऱ्या वेळी ठरवून गेलो होतो की यंदा बघायचं. तिकडे आत जॅझ सुरू झालं, एका मगरीच्या हातात ट्रंपेट असतो म्हणतात, तोही ऐकला. पण पहिला उतार आला आणि पापण्यांनी माझं मत विचारलंच नाही. तेव्हा दोन्ही राइडचा अनुभव घेतलेला माणूस म्हणून माझा निर्वाळा एवढाच, की पोट दोन्हींत गळ्यापर्यंत येतं.

हे बाकावर सांगता येत नाही. सात वर्षं मी तिथे ‘काय ते रंग, काय ते देखावे’ सांगून चहा प्यायलोय.

मध्यंतरी सावंतांनी सहज विचारलं, “शेवटच्या चढावर वरती गिधाडं होती ना हो, टोमणे मारणारी? किती होती?”

“अं... बरीच,” मी म्हणालो.

सावंत काही बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले, सुट्टे नाहीत म्हणणाऱ्या प्रवाशाकडे बघावं तसे.

त्याच रविवारी संध्याकाळी घरी आले. “त्या राइडचा फोटो काढतात ना, पडतानाचा? बापट म्हणतात, त्या अंधारात कोणाला काही दिसतच नाही. तुम्ही पहिल्या रांगेत होतात एवढं सिद्ध झालं तरी पुरे.”

आता तो फोटो आमच्या हॉलमध्ये शोकेसमध्येच आहे, पण मी तो गणपतीच्या मूर्तीमागे ठेवलाय. ही दर शनिवारी पुसताना पुढे आणते, मी दर रविवारी मागे सरकवतो. त्या रविवारी माझं राहून गेलं होतं. ही चहा टाकायला आत गेली, जाताना म्हणाली, “अहो भाऊजी, तो काय समोरच!”

सावंतांनी फोटो उचलला. चष्मा कपाळावर सरकवून नाकापाशी धरला. फोटोत ही दोन्ही हात वर करून हसतेय. म्हणजे एक हात वर, दुसरा माझ्यासकट वर. मागे लेक किंचाळतेय. आणि मधे मी. पापण्या इतक्या घट्ट आवळलेल्या की भुवया गालांवर आलेल्या, आणि तोंड रामरक्षेला उघडलेलं.

सावंत बराच वेळ बघत होते. आत कपबशा वाजत होत्या. मग त्यांनी शर्टाच्या टोकाने काच पुसली आणि फोटो जिथे होता तिथे न ठेवता नीट गणपतीच्या मागे सरकवला.

“आलं घातलंय वाटतं चहात,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाकावर बापट तयारीतच होते. सावंतांनी त्यांच्यासमोर, चार बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, “काय जोशी, तुम्ही तर पहिल्याच रांगेत होतात. शेवटच्या चढावर गिधाडं किती होती?”

आणि बापटांना दिसणार नाहीत अशी दोन बोटं मांडीवर ठेवली.

“दोन,” मी म्हणालो.