डबडं होतं म्हणे! एका फॉरवर्डला उत्तर

सांगलीत आमच्या विश्रामबागेतल्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा येऊन पडला. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सर्व पालकांनी लक्ष द्या, हल्ली मुलं जुन्या अँड्रॉइड गेम मशीनवर कस्टम फर्मवेअर (कंपनीऐवजी दुसऱ्या कुणी बांधलेलं, मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाकतात. एक, त्यानं मशीन कायमचं डबडं होतं. दोन, हे हॅकिंग आहे आणि सायबर कायद्यानं गुन्हा आहे. तीन, त्यात व्हायरस असतो, बँक खातं रिकामं होतं, कंपनीचं मूळ सॉफ्टवेअरच सुरक्षित. चार, वॉरंटी जाते. पाच, फायदा काही नाही, जुनं ते जुनंच, भंगारात द्या आणि नवीन घ्या. खाली हात जोडलेल्यांची ही रांग.

माझ्याकडं तसलं एक मशीन आहे, आणि त्यावर मी सॉफ्टवेअर मारलेलं आहे. (आमच्याकडं फर्मवेअर ‘टाकत’ नाहीत, ‘मारतात’. दुकानातही ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ अशीच भाषा.) जीपीडी एक्सडी, २०१५ चं. डबीसारखं उघडतं, आत पाच इंची पडदा, रॉकचिपची आरके३२८८ चिप, २ जीबी रॅम आणि अँड्रॉइड ४.४. मेव्हण्यानं परदेशातून आणलं होतं, त्याचा नाद संपल्यावर माझ्याकडं आलं. त्यामुळं वॉरंटीचा मुद्दा इथंच संपवतो. २०१५ च्या मशीनला वॉरंटी शोधायची म्हणजे आजोबांच्या सायकलीची पावती शोधण्यातला प्रकार.

आता डबड्याचं बघू. लोक सगळ्यात जास्त याच मुद्द्याला घाबरतात.

या चिपमध्ये कारखान्यातच एक छोटा प्रोग्राम कोरलेला असतो. त्याला मास्क रॉम म्हणतात. तो पुसता येत नाही, कारण तो स्टोरेजमध्ये नसतोच, खुद्द चिपच्या अंगात असतो. मशीन चालू केलं की तो स्टोरेजमध्ये लोडर, म्हणजे बाकीचं सॉफ्टवेअर सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, शोधतो. सापडला तर त्याच्या हाती कारभार देऊन बाजूला होतो. नाही सापडला तर यूएसबीवर कान लावून बसतो, की कुणी बाहेरून लोडर देतंय का. म्हणजे तुम्ही अँड्रॉइड पुसा, ते सुरू करणारा बूटचा भाग पुसा, अगदी लोडरही पुसा, खाली हा पहारेकरी जागाच असतो.

पहिल्यांदा मी सॉफ्टवेअर मारत होतो तेव्हा सिस्टिमचा भाग लिहिला जात असतानाच लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, तो चार्जरवरच चालायचा. एका क्षणात पडदा काळा. भाचा शेजारी बसला होता, म्हणाला, “मामा, गेलं की हो.” मी काही बोललो नाही, कारण मलाही तेच वाटत होतं. पाऊण तासानं लाईट आली. केबल जोडली, ठराविक बटण दाबून मशीन सुरू केलं. पडदा काळाच, पण लॅपटॉपनं ‘टुंग’ केलं आणि फ्लॅश मारायच्या टूलच्या तळाला एक ओळ उमटली: ‘फाउंड वन लोडर डिव्हाइस’. लोडर आधीच लिहून झाला होता, अर्धवट राहिलं होतं ते वरचं अँड्रॉइड. पुन्हा पहिल्यापासून मारलं. मशीन उठलं.

याहून वाईटही होतं, आणि ते सांगितलंच पाहिजे. भाच्याच्या मिरजेतल्या मित्रानं आपल्या मशीनवर याच चिपच्या, पण दुसऱ्याच कुठल्या तरी टॅबलेटचं फर्मवेअर मारलं. चिप एकच, मग काय बिघडतंय, असा हिशेब. बिघडतं ते असं: रॅमला जागं कसं करायचं याच्या सूचना लोडरमध्ये असतात. दुसऱ्या बोर्डाच्या सूचना दिल्या की रॅम जागी होत नाही आणि मशीन तिथंच थिजतं. मास्क रॉमच्या लेखी लोडर सापडला, आपलं काम झालं. त्यामुळं तो यूएसबीकडं फिरकतही नाही. ना पडदा, ना लाइट, ना लॅपटॉपला पत्ता. दुकानात ‘डेड’ म्हणतात ते हे, आणि मेसेज लिहिणाऱ्यानं असलंच एखादं मशीन बघितलं असावं.

मिरजेतच मोबाईल दुरुस्ती करणारं एक पोरगं आहे. त्यानं मागचं झाकण उघडलं, भिंगातून स्टोरेजच्या चिपजवळची क्लॉकची जागा शोधली, चिमट्याचं एक टोक तिथं आणि दुसरं ग्राउंडला टेकवून ठेवलं, आणि मला म्हणालं, आता केबल लावा. चिमट्यानं शॉर्ट केल्यामुळं स्टोरेज गप्प, मास्क रॉमला लोडर सापडेना, आणि तो नाइलाजानं यूएसबीवर आला. पाच वेळा हात हलला. सहाव्यांदा ओळ आली: ‘फाउंड वन मास्करॉम डिव्हाइस’. चिमटा उचलला, बरोबर फाइल मारली. पोरानं दोनशे रुपये घेतले आणि चहा आम्हीच पाजला.

तेव्हा ‘कायमचं’ हा शब्द खोटा. पण ‘कधीच काही होत नाही’ असंही मी म्हणणार नाही. स्टोरेजची चिपच झिजून मेली असेल तर सॉफ्टवेअरनं ती जिवंत होत नाही. आणि प्रत्येक मशीनची वाट इतकी मोकळी नसते. औया नावाची टीव्हीला जोडायची अँड्रॉइड गेम पेटी २०१३ मध्ये आली होती; तिच्यावर रिकव्हरीत, म्हणजे दुरुस्तीच्या पडद्यावर, जायला वेगळं बटणच नाही, तिथं बूटचा भाग बिघडवला तर परतायची वाट फार अवघड. त्यामुळं कुणी मला विचारलं की माझ्या मशीनवर मारू का, तर माझा पहिला प्रश्न चिप कुठली हाच असतो. याच एक्सडीचा २०१८ चा भाऊ, एक्सडी प्लस, दिसायला जवळजवळ तसाच, पण आत रॉकचिप नाही, मीडियाटेकची चिप. दोन्हींची फाइलही वेगळी, टूलही वेगळं. आमच्या ओळखीतल्या एकानं अख्खी दुपार प्लसला रॉकचिपचं टूल लावून ‘नो डिव्हाइसेस फाउंड’ वाचण्यात घालवली. त्याचं नशीब की टूलनं ओळखच दाखवली नाही.

आणखी एक. आत जे आहे ते मारण्याआधी वाचून ठेवा. रॉकचिपवर आरकेफ्लॅशटूल नावाचं छोटं टूल एकेक भाग वाचून फाइलमध्ये उतरवून देतं. एवढं केलं असतं तर मिरजेतल्या त्या पोराकडं बरोबर लोडर शोधत बसायची वेळ आली नसती. आम्ही दोन दिवस शोधत होतो.

आता गुन्ह्याकडं येऊ. हा घोळ ‘रॉम’ या एका शब्दानं घातलाय. कस्टम रॉम म्हणजे मशीन चालवणारी सिस्टिम. गेमचा रॉम म्हणजे जुन्या कार्ट्रिजमधल्या गेमची नक्कल. पोरं दोन्हींना रॉम म्हणतात, ऐकणारे दोन्ही एकच समजतात. सिस्टिमचं बघाल तर अँड्रॉइडचा मूळ कोड अपाची परवान्याखाली खुला आहे आणि त्याखालचा गाभा, लिनक्स कर्नल, जीपीएल या दुसऱ्या खुल्या परवान्याखाली. बदला, वाटा, हे परवान्यातच लिहिलंय. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ आहे ते मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरण्याबद्दल. स्वतःच्या मशीनचे मालक तुम्हीच, परवानगी कुणाची मागणार? कॉपीराइट कायद्यात २०१२ साली घातलेलं कलम ६५अ आहे, ते संरक्षण तोडण्याबद्दल आहे खरं, पण त्यात हक्कभंगाचा हेतू लागतो.

गेमच्या रॉमचं मात्र वेगळं. आपण कायदेशीर घेतलेल्या प्रोग्रामची, तो हरवला-खराब झाला तर असावी म्हणून प्रत काढायला कलम ५२ मध्ये जागा आहे. कुठून तरी हजार गेमचं मेमरी कार्ड भरून आणायला नाही. तिथं मेसेजवाल्याला बोट दाखवायचं असेल तर खुशाल दाखवावं. पण त्या कार्डाचा फर्मवेअरशी काडीचा संबंध नाही. मूळ सॉफ्टवेअरवरही ते कार्ड तसंच चालतं.

व्हायरसचा मुद्दा मला सगळ्यात कठीण वाटला, कारण तो अर्धा खरा आहे. कुणा अनोळखी माणसानं बांधलेलं फर्मवेअर आपण मशीनच्या मुळाशी बसवतो. बऱ्याच वेळा रूट, म्हणजे सिस्टिममध्ये काहीही बदलायची पूर्ण मुभा, आधीच उघडं असतं. कित्येक फर्मवेअर गूगलच्या जाहीर असलेल्या टेस्ट कीनं सही केलेली असतात. म्हणजे वाड्याला कुलूप लावलंय, पण त्याची किल्ली बाजारात कुणालाही मिळते. त्याच कीनं सही केलेलं दुसरं ॲप सिस्टिमच्या थाटात आत शिरू शकतं. म्हणून माझ्या एक्सडीवर माझं मुख्य गूगल खातं नाही, फोटो नाहीत. आणि फाइल उतरवल्यावर विंडोजमध्ये सर्टयुटिल ही आज्ञा चालवून तिचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा अंगठ्याचा ठसाच म्हणा) बांधणाऱ्यानं दिलेल्या हॅशशी ताडून बघितल्याशिवाय मी ती मारत नाही. त्यानं बांधणारा प्रामाणिक आहे हे सिद्ध होत नाही, फक्त वाटेत फाइल कुणी बदलली नाही एवढंच कळतं. तेवढंही कामाचं आहे.

बँक खातं कसं रिकामं होणार हे मला कळलेलं नाही. या मशीनमध्ये सिम नाही, आणि माझ्या बँकेचं ॲप ४.४ वर बसतच नाही.

पण ‘कंपनीचं मूळ सॉफ्टवेअरच सुरक्षित’ हे वाक्य मात्र मी सोडणार नाही. जुलै २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाची फट उघड झाली. नुसती खास घडवलेली व्हिडिओ फाइल उघडल्यानं मशीन दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकायचं, आणि अँड्रॉइड २.२ पासून ५.१ पर्यंत सगळी त्यात सापडत होती. ४.४ वर थांबलेलं मूळ सॉफ्टवेअर ती फट तशीच घेऊन बसलंय. अद्ययावत न होणारं सॉफ्टवेअर कंपनीचं असलं तरी शिळंच.

आणि कंपनीच उठून गेली तर? औयाचंच बघा. २०१२ साली किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर लोकांनी ८५ लाख डॉलरहून जास्त दिले, ९९ डॉलरला पेटी आली, नंतर २०१५ मध्ये रेझर या कंपनीनं ते सॉफ्टवेअर आणि दुकान विकत घेतलं, आणि २५ जून २०१९ ला सर्व्हर बंद. गंमत अशी की पेटी पहिल्यांदा सुरू करताना सर्व्हरवर खातं लागायचं. म्हणजे नंतर कुणी ती रिसेट केली, तर मूळ, सुरक्षित, कंपनीच्या सॉफ्टवेअरवर ती दारातच अडकणार. लोकांनी बाहेरून वाटा काढल्या म्हणून त्या पेट्या आजही चालतात.

राहिला फायदा. ‘जुनं ते जुनंच’ यातही थोडं तथ्य आहे. फर्मवेअर मारून २ जीबीची रॅम ४ होत नाही. नवं अँड्रॉइडही सहसा मिळत नाही, कारण पडद्यावर चित्र काढणाऱ्या माली जीपीयूचे (चित्राच्या चिपचे) ड्रायव्हर मूळ कोड न देताच आलेले असतात आणि ते जुन्या ३.१० च्या कर्नलशी बांधलेले. मी मारलेलं फर्मवेअरही ४.४ वरच आहे. ‘मशीन नव्यासारखं होतं’ असं सांगणारेही भेटतात. त्यांचंही ऐकू नका.

मग मिळालं काय? नको असलेली ॲपं गेली, बटणांची जुळणी नीट झाली, प्लेस्टेशनचे पहिले गेम आणि पीएसपीचे बरेचसे गेम न अडखळता चालायला लागले. पण मला खरा उपयोग झाला तो सर्टिफिकेटचा, आणि हे सहसा कुणी सांगत नाही. साइट खरी आहे हे ब्राउझरला सर्टिफिकेटवरून कळतं, आणि ती देणाऱ्या लेट्स एनक्रिप्ट या संस्थेचं नवं मूळ सर्टिफिकेट ७.१.१ च्या आधीच्या अँड्रॉइडला माहीत नाही. काही वर्षं एका जुन्या सहीच्या जोरावर काम भागलं, तीही मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. त्यामुळं ब्राउझर निम्म्या साइटवर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडून बसायचा. मूळ सॉफ्टवेअरवर ते सर्टिफिकेट हातानं घालता येतं, पण मग लॉक लावायची सक्ती आणि ‘तुमच्यावर नजर ठेवली जात असेल’ अशी सूचना कायमची वर चिकटलेली. रूट असल्यामुळं मी ते थेट सिस्टिमच्या फोल्डरमध्ये ठेवलं. सूचना गेली, साइट उघडल्या. त्यातही पहिला अर्धा तास वाया गेला, कारण फ्लॅश मारल्यावर घड्याळ मागच्या कुठल्या तरी वर्षात गेलेलं, आणि त्या तारखेला सर्टिफिकेट जन्मालाच आलं नव्हतं. आधी तारीख बघा.

प्ले स्टोअरच्या भरवशावर मात्र राहू नका. ४.४ साठी प्ले सर्व्हिसेसचे अपडेट ऑगस्ट २०२३ पासून बंद आहेत. ॲपच्या जुन्या फाइल हातानंच आणाव्या लागतात.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, जरा कमी शब्दांत. मेसेज टाकणाऱ्या काकांनी रात्री वेगळा फोन केला. “नातवाचं एक पडलंय कपाटात, बघतोस का?” म्हटलं, “काका, आधी फोटो पाठवा, मागचा.” फोटो आला. मागचं झाकण मधोमध उचललेलं, कडेनं फट. बॅटरी फुगली होती. त्या मेसेजच्या पाच मुद्द्यांत ही नव्हतीच. मी परत फोन लावला. “काका, चार्जिंगला लावू नका, दाबून झाकण बसवायला जाऊ नका. उद्या दुकानात नेऊन आधी बॅटरी काढून घ्या. चिप कुठली ते मग बघू.”