नव्व्याण्णव वर्षं नव्हे, चौरस मैल

शुक्रवारी रात्री साडेदहाला मावशीचा फोन. तिचा मुलगा सायप्रसमधल्या लिमासोलला, जहाजांचं व्यवस्थापन करणाऱ्या एका कंपनीत आहे. वहिनीला पाचवा महिना लागलाय आणि ती लवकरच तिकडे जाणार आहे. "अगं, बाळंतपण त्या इंग्रजांच्या तळावर करता येईल का? बाळाला ब्रिटिश पासपोर्ट मिळतो म्हणे." कुणी सांगितलं? "ग्रुपवर आलंय."

मेसेज मागवला. त्याचा सारांश असा: सायप्रसमधले दोन लष्करी तळ ब्रिटनने ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेत, २०५९ला मुदत संपते, दरवर्षी प्रचंड भाडं दिलं जातं, काटेरी कुंपणाच्या आत फक्त सैनिक राहतात. आणि त्या जमिनीवर पाऊल टाकलं की तुम्ही कायद्याने ब्रिटनमध्ये! खाली हात जोडलेले आणि 'गरजूंपर्यंत पोहोचवा'.

आधी पासपोर्टचं बघू, कारण बाकीच्या थापांनी कुणाचं नुकसान होत नाही, हिच्यामुळे होईल. अक्रोटिरी आणि देकेलिया हे तळ ब्रिटनच्या सार्वभौमत्वाखाली आहेत, इतकं खरं. पण ब्रिटनचा सागरपार प्रदेश म्हणजे ब्रिटन नव्हे. २००२ साली ब्रिटनने सागरपार प्रदेशांतल्या लोकांना पूर्ण नागरिकत्व देणारा कायदा केला, तेव्हा ज्यांचा संबंध केवळ या दोन तळांशी आहे त्यांना मुद्दाम वगळलं. शिवाय नुसत्या जन्मावर पासपोर्ट आता खुद्द लंडनमध्येही मिळत नाही. १९८३पासून आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक तरी लागतात, नाहीतर तिथले कायमचे रहिवासी. आमचा भाऊ यातलं काहीच नाही. तो सायप्रसच्या व्हिसावर नोकरी करतो.

'पाऊल टाकलं की ब्रिटन' म्हणणाऱ्यांनी १९९८ची गोष्ट ऐकावी. इटलीला निघालेली एक बोट त्या वर्षी अक्रोटिरीच्या किनाऱ्याला लागली, तिच्यात ७५ माणसं होती. त्यांनी पाऊल टाकलं होतं ना? ब्रिटनने त्यांच्यातल्या काहींना निर्वासित म्हणून मान्यही केलं, पण ब्रिटनमध्ये घेतलं नाही. पाडायला काढलेल्या जुन्या लष्करी घरांमध्ये, देकेलियाच्या तळावर, ती कुटुंबं अडकून पडली. मुलं तिथेच मोठी झाली. खटला लंडनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१८च्या अखेरीस, तब्बल वीस वर्षांनी, काही कुटुंबांना अपवाद म्हणून प्रवेश मिळाला. गर्भारशी बाईला याच वाटेने पाठवा म्हणणाऱ्याला काय म्हणावं? मेसेजखाली 'मार्गदर्शनासाठी' एक मोबाइल नंबरही आहे, त्यावरून मार्गदर्शनाचे पैसे किती पडतील याचा अंदाज मी मावशीला दिला.

आता ९९. आकडा बरोबर आहे हो, फक्त तो वर्षांचा नाही, चौरस मैलांचा आहे! दोन्ही तळ मिळून ९९ चौरस मैल, म्हणजे साधारण २५४ चौरस किलोमीटर, बेटाच्या सुमारे तीन टक्के. १६ ऑगस्ट १९६०ला सायप्रस स्वतंत्र झाला त्या दिवसाचा स्थापना करार कुणीही वाचावा. पहिल्याच कलमात नव्या प्रजासत्ताकाचा प्रदेश सांगताना हे दोन भाग वगळलेत आणि ते ब्रिटनच्या सार्वभौमत्वाखाली 'राहतील' असं म्हटलंय. पट्टा नाही, मुदत नाही, २०५९ तर नाहीच. ब्रिटन तिथे भाडेकरू नाही. घर सोडताना दोन खोल्या आपल्याच नावावर ठेवून गेलेला जुना मालक आहे. (मालकी कशी आली ते विचारू नका. १८७८मध्ये तुर्की सुलतानाकडून कारभार घेतला, १९१४ला सरळ बेटच खालसा केलं. १८७८ला मुंबईहून माल्टामार्गे नेलेल्या आपल्या पलटणीही तिथे उतरवल्या होत्या.) या खोल्या केवढ्या असाव्यात यावर इतकी घासाघीस झाली की फेब्रुवारीत ठरलेलं स्वातंत्र्य ऑगस्टपर्यंत लांबलं.

वर्षांचा घोळ बहुधा हाँगकाँग आणि हिंदी महासागरातलं लष्करी तळाचं बेट दिएगो गार्सिया यांच्यामुळे. हाँगकाँगचा मोठा भाग १८९८पासून ९९ वर्षांच्या पट्ट्यावर होता. दिएगो गार्सियासाठी मे २०२५मध्ये मॉरिशसशी झालेल्या करारातही ९९ वर्षंच आहेत. कुणीतरी तिन्ही एकाच पातेल्यात ढवळलं.

काटेरी कुंपण? विमानतळ आणि छावण्यांना आहे. बाकी तळांच्या हद्दीत सायप्रसी गावं आहेत, शेतं आहेत, व्यवहार युरोत होतात, कूरिओनचं प्राचीन नाट्यगृहसुद्धा त्याच हद्दीत येतं. सीमाचौक्या उभारणार नाही आणि नवी वस्ती होऊ देणार नाही, असं ब्रिटनने १९६०लाच लिहून दिलंय. भाऊ म्हणाला, रविवारी समुद्रावर जाताना आम्ही तळाच्या हद्दीतून जातो, पाटी दिसते तेवढीच.

राहिलं भाडं. इथे मेसेजवाल्याला थोडं द्यावं लागेल. पैसे दिले गेले होते, पण भाडं म्हणून नाही, मदत म्हणून: पहिल्या पाच वर्षांसाठी १ कोटी २० लाख पौंड. पुढच्या रकमेचा पाच-पाच वर्षांनी विचार व्हायचा होता. पण १९६३च्या अखेरीस ग्रीक आणि तुर्की सायप्रसींमध्ये दंगे पेटले आणि १९६५नंतर ब्रिटनने हात आखडला. सायप्रसचं म्हणणं, ती थकबाकी आहे. म्हणजे 'दरवर्षी प्रचंड भाडं' राहिलं बाजूला, तिकडचं सरकार जुनी उधारी मागतंय.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. काकांनी अंगठा दाखवला आणि दहा मिनिटांनी तोच मेसेज दुसऱ्या ग्रुपवर पाठवला. मावशीने मात्र वहिनीचं नाव लिमासोलच्या साध्या हॉस्पिटलात घालायला सांगितलंय.